राजनंदिनीची पाठवणी

गाडी विकावी तर आमच्यासारखी! लोक जुनी गाडी विकतात म्हणजे काय करतात? वरून पॉलिश, आतून अत्तर, आणि गिऱ्हाईक वाकून खाली बघायला लागलं की "चहा घेणार ना?" आम्ही तसले नव्हेच. आमच्या ह्यांनी तर गिऱ्हाइकाला गाडीचा एकूण एक दोष आपल्या तोंडाने सांगितला. दोष निघाले दोन. एक, डाव्या दाराची काच पावसाळ्यात रुसते. आणि दुसरा, मालकाची कंबर.

गाडीच तशी होती. लाल, लाडाची, दोनच माणसांची. परदेशी स्पोर्ट्स कार! रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर. आत बसायचं म्हणजे आधी स्वतःची घडी घालायची. ह्यांची घडी पडायची, पण उलगडायची नाही. मग मी एका हाताला, सोसायटीचा वॉचमन दुसऱ्या हाताला, आणि विहिरीतून भरली बादली ओढावी तसं ह्यांना वर ओढायचं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "रघुनाथराव, एक तर कंबर ठेवा, नाही तर गाडी."

ह्यांनी विचार करायला आठ दिवस घेतले! मी मोजले ना.

ह्यांचंही चुकलं नाही म्हणा. रिफायनरीत पस्तीस वर्षं ह्यांनी पंप सांभाळले. लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक यंत्राला, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तीन नंबरचं बेअरिंग, मंगळवारपर्यंत जाईल." मंगळवारी ते जायचंच. लोक ह्यांना कानवाले साहेब म्हणायचे. एकोणीस वर्षांपूर्वी तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ही गाडी ह्यांच्या हवाली करून गेला. मी नाव ठेवलं राजनंदिनी. आम्हाला एकच मुलगा, अभिषेक, तो बंगळुरूला. मुलगी नाही. म्हणजे नव्हती. मग ही आली.

तिला विकत घ्यायला आला आमच्याच शहरातल्या हरणी भागातला पीयूष. बँकेत नोकरी, डोळ्यांत पाणी येईल इतका सज्जन. कॉलेजला जाताना आमच्या वासण्यातल्या घराच्या फाटकाशी सायकल थांबवून हिच्याकडे बघत उभा राहायचा म्हणे. आता त्याचं लग्न ठरलेलं, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. "काकू, उत्कर्षाला मी ह्याच गाडीतून घरी नेणार," म्हणाला. "तिला शब्द दिलाय."

"मग माझाही घे!" हे छाती काढून म्हणाले. "पीयूष, ह्या गाडीत वाजण्यासारखं काही उरलेलंच नाही. एक जरी आवाज निघाला तरी समज, रघुनाथचे कान गेले!"

शब्द बघा कसे असतात. उडतात चिमणीसारखे आणि बसतात घारीसारखे.

गुरुवारी सकाळी हे दोघे आत कागदांवर सह्या करत बसले. मी बाहेर राजनंदिनीपाशी उभी. ऊन तिच्या लाल अंगावर असं पडलेलं, की नव्या शालूची घडी मोडावी. आणि माझ्या मनात आलं, हिला अशीच कोरडी पाठवायची? एकोणीस वर्षांची लेक सासरी निघाली, आणि ओटी नाही?

आता ओटी भरायची कुठे? सांगा तुम्ही! ह्या गाडीचं सगळं आक्रीत. पुढचं झाकण उघडलं की एवढीशी डिकी. इंजिन असतं मागे, सीटच्या पाठीशी. डिकीत ओटी ठेवायची म्हणजे लेकीच्या पिशवीत तांदूळ ओतून "जा" म्हटल्यासारखं! ओटी पोटाशीच हवी. मी मागचं झाकण उघडलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला खाली एक कोनाडा दिसला, देवानं ओटीसाठीच ठेवल्यासारखा. हिरवा खण. पाच मुठी तांदूळ. पाच सुपाऱ्या, पाच बदाम. नारळ मावेना म्हणून सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. हळदीची पुडी, कुंकवाची पुडी. लेकीच्या ओटीला का कुणी निरगाठ मारतं? नुसतं दुमडलं आणि कोपरापर्यंत हात घालून आत खोचलं. ओठांवर आपसूक आलं,

लाल शालूची गं लेक, आज निघाली हरणीला
हळू हाक रे बाळराजा, खाचखळगा धरणीला

ह्यांना सांगितलं नाही. यंत्राला भावना नसतात असं ह्यांचं ठाम मत. रोज तिच्या टपावर थोपटून "झोप हं" म्हणायचे, ते वेगळं!

गाडी गेली. हे फाटकाशी उभे राहून आवाज ऐकत राहिले, पार कोपऱ्यापर्यंत. मग डोळे उघडून म्हणाले, "मुरलीसारखी गेली बघ."

मुरली शुक्रवारी सकाळीच फुटली.

"काका, सॉरी हं," फोनवर पीयूष. "वळताना टक् टक् होतं. मागून."

"टक् टक्?" ह्यांचा चहाचा कप हवेतच थांबला. "एकदा की दोनदा?"

"डावीकडे वळलं की तीनदा. उजवीकडे वळलं की दोनदा."

"आणि ब्रेक मारला की?"

"सरसर असं काहीतरी. म्हणजे... पावसाची सर येते ना काका, तशी."

हे रिक्षा करून हरणीला गेले, पेचकस काखेत घेऊन. उभ्या गाडीचं इंजिन सुरू करून कान लावला. काहीच नाही! एकसुरी, गोड. मग पीयूषशेजारी बसून निघाले, पहिल्याच वळणावर टक् टक् टक्! परत थांबवलं, कान लावला. गोड! परत निघाले. टक्!

घरी आले ते पेचकस काखेत तसाच. मी म्हटलं, "अहो, नवीन घर आहे, कुरकुर करणारच चार दिवस."

"लता, ती गाडी आहे."

"हो हो, माहीत आहे!"

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात ओटीचा ओ सुद्धा नव्हता. ओटी म्हणजे आशीर्वाद. आशीर्वाद कधी टक् टक् करतो का?

शनिवारी पुन्हा फोन. आता वास! "जळका नाही काका. गोड. आई एकदाच बसली, उतरल्यावर म्हणाली, मला काहीतरी खायला दे."

ह्यांचा चेहरा उतरला. इंजिन गार ठेवायचं जे पाणी असतं ना, कूलंट, ते गळून तापलं की गोड वास येतो म्हणे. रविवारी पीयूषने लग्नासाठी म्हणून गाडी धुऊन घेतली, खालून-वरून, फवारा मारून. सोमवारी सकाळी गाडीखाली पिवळं डबकं! त्याने फोटो पाठवला. हे चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघत राहिले.

"कूलंटच. पिवळं असतं."

"मधे मधे लालसर काय दिसतंय?" मी विचारलं.

"गंज," हे म्हणाले. आवाज असा, जसा नातेवाइकाचा रिपोर्ट वाचून दाखवताना येतो. "आतून गंजलीये गं. एकोणीस वर्षं मी तिच्या छातीला कान लावत होतो, आणि ती आतून गंजत होती."

मंगळवारी गाडी निजामपुऱ्यात मनहरभाईंच्या गॅरेजात गेली. मनहरभाई म्हणजे गाड्यांचे धन्वंतरी. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बॅटरी मारली, वास घेतला, डोळे मिटले. ह्यांनीही घेतला. पीयूषनेही घेतला. तिघे देवळात उभे असल्यासारखे! कोनाड्यात काजळीने काळवंडलेलं काहीतरी मऊ हाताला लागलं, तर ह्यांनी ते दाबून बघितलं आणि म्हणाले, "आवाज आत कोंडायला अस्तर दिलंय. कंपनी किती विचार करते बघा!"

मनहरभाईंनी मान हलवली आणि आपल्या गुजरातीत म्हणाले, "साहेब, मीठी सुगंध आवे छे. कूलंट लीक. ऊपर से बेअरिंग वाजे छे. एंजिन नीचे उतारवुं पडशे."

"इंजिन उतरवायचं? किती दिवस?"

"पार्ट बहारथी आवशे. दोढ महिनो."

"दीड महिना?" पीयूष खालीच बसला, टायरवर. लग्न पाच दिवसांवर. बिचारा रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं! उलट ह्यांचाच हात धरून म्हणाला, "काका, तुम्ही मुद्दाम नाही केलंत. तुम्हाला ऐकूच आलं नसेल."

झालं! ते वाक्य ह्यांच्या काळजात रुतलं.

संध्याकाळी घरी आले आणि माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. एकेक पाना पुसला, कपड्यात गुंडाळला. पेचकस सगळ्यांत शेवटी.

"काय चाललंय?"

"शुक्रवारी भंगारवाला येतो ना? देऊन टाकतो."

"अहो!"

"ज्याला स्वतःच्या गाडीचं दुखणं ऐकू येत नाही, त्याने हत्यारं कशाला ठेवायची? पीयूषला म्हटलंय, गाडी मी परत घेतो. सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये." मग बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. "पस्तीस वर्षं लोक माझ्या कानांवर विसंबून प्लांटमध्ये फिरले लता. देव जाणे, कधीपासून चुकीचं ऐकत होतो."

माणूस पेटीपाशी असा बसलेला, की जत्रा उठल्यावर राहिलेला पाळणा.

म्हणून मग बुधवारी मी त्यांच्या आवडीची चटणी करायला घेतली. खोबरं किसलं, कढईत टाकलं, मंद आचेवर परतायला लागले. कडेला तांबूस रंग धरला, घरभर वास सुटला.

आणि हे धावत आले! कंबर विसरून धावले! थेट कढईवर नाक.

"हाच! लता, हाच वास! कूलंट!"

"अहो, खोबरं आहे!"

"मस्करी नको! एकोणीस वर्षं मी इंजिनाचे वास घेतोय. तू कढईत काय घातलंस?"

माझ्या हातातलं उलथनं थांबलं. खोबरं. गोड वास. पिवळं. हळद! लालसर... कुंकू! सरसर. बाई गं, तांदूळ! आणि डावीकडे तीन, उजवीकडे दोन. पाच सुपाऱ्या!

खोबरं करपलं. मी पण.

आता तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं. बरोबर आहे. पण चाळीस वर्षांच्या संसारात कुठली बाई कढईसमोर उभी राहून म्हणेल, की तुमच्या परदेशी इंजिनात मी पाच मुठी आंबेमोहोर ओतला आहे? मी ठरवलं, गुपचूप जायचं, गुपचूप हात घालायचा, गुपचूप काढायचं. आपोआप बरी झाली गाडी! कानही शाबूत, मानही शाबूत.

गुरुवारी सकाळी "भाजी आणते" म्हणून निघाले ती थेट निजामपुरा. गॅरेजात शिरले आणि वर बघितलं. वरच! राजनंदिनी खांबांवर चढवून ठेवलेली, माझ्या डोक्यावर दोन हात उंच. इंजिनाखाली साखळदंड लावायचं चाललेलं.

"आवो बेन!" मनहरभाई म्हणाले. "साहेब नथी आव्या?"

"नाही, मी सहज... मनहरभाई, हिला जरा खाली घेता?"

"केम?"

"हात घालायचाय. पोटात."

मनहरभाईंनी पाना खाली ठेवला. "बेन, शांति राखो. पाणी पिओ. गाडी छे, माणस नथी. एवुं थाय."

मला वाटतं, त्यांना वाटलं बाईंना वियोगाचा धक्का बसलाय. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, डोक्यावर पंखा वळवला. मी म्हणतेय, खाली घ्या. ते म्हणताहेत, दीर्घ श्वास घ्या! इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आतून उतरले आमचे हे. पाठोपाठ पीयूष. आणि पाठोपाठ पीयूषची आई अस्मिताताई, गाडी परत देताना काही राहून तर जात नाही ना, हे बघायला.

"लता? तू भाजी इथे घेतेस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं. दाढी केलेली नव्हती. मला आठवतंय त्या दिवसापासून ह्या माणसाने दाढीचा दिवस चुकवलेला नाही. आणि मला एकदम कळलं, गुपचूप काढलं तर गाडी बरी होईल, पण कान बरे व्हायचे नाहीत. हे उरलेलं आयुष्य हेच समजत राहणार, की आपल्याला ऐकू आलं नाही.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलंत तेच खरं. इंजिन गोडच वाजत होतं. मी... मी तिची ओटी भरली होती."

"काय भरली होती?"

"ओटी. पोटाशी."

मनहरभाईंनी न विचारता गाडी खाली घेतली. मी पदर खोचला, झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला, आणि कंपनीने फार विचार करून दिलेलं ते अस्तर बाहेर ओढलं. काळाकुट्ट खण! त्यातून निघाल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, अशा खरपूस भाजलेल्या की माझ्या कढईला लाज वाटावी. मनहरभाईंनी खालचा पत्रा सोडवला. सुपाऱ्या टणाटण बाहेर, त्यांच्यामागे बदाम, त्यांच्यामागे अर्धे भाजलेले, अर्धे हळदीत न्हालेले तांदूळ. गॅरेजच्या फरशीवर अक्षता पडाव्यात तसे.

"बेअरिंग," मनहरभाई एक सुपारी उचलून म्हणाले.

ह्यांनी सुपारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार. बोलतील ते बोलोत! पण ह्यांनी वाकून (वाकून!) झाकणाला कान लावला, पीयूषला "सुरू कर" म्हणाले, आणि डोळे मिटले. इंजिन गुणगुणायला लागलं. ह्यांच्या मिटल्या डोळ्यांतून एक थेंब नाकापर्यंत आला.

"म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं," हे म्हणाले.

"हो."

"गेल्या गुरुवारपासून तू मला बहिरा ठरवलंस."

"अहो, मला तरी कुठे माहीत होतं!"

"कूलंट म्हणून मी खोबरं हुंगत होतो, लता! तीन पुरुष, ओळीने!"

आणि हसायला लागले. असे हसले, की कंबर धरून टायरवर बसले. मनहरभाई हसले, पीयूष हसला. अस्मिताताई मात्र हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"लताताई, हे तुम्ही बरं नाही केलंत."

मी मान खाली घातली. "चुकलंच माझं."

"भरलेली ओटी रिकामी केलीत! लग्नाचं घर आहे आमचं. रिकाम्या ओटीची गाडी मी दारात घेऊ?"

"बेन सच बोले छे," मनहरभाई गंभीरपणे म्हणाले, आणि समोरच्या दुकानातून नारळ मागवला.

"डिकीत!" हे ओरडले. "जी काय भरायची ती डिकीत! पुढच्या!"

तर अशी राजनंदिनीची ओटी दुसऱ्यांदा भरली गेली, निजामपुऱ्यात, ग्रीसच्या डब्यांच्या साक्षीने. मनहरभाईंनी मला हळूच सांगितलं, आणखी आठ दिवस तो खण आत राहिला असता तर पेटलाच असता. ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. शुक्रवारी भंगारवाला आला तेव्हा ह्यांनी त्याला जुना कुकर दिला. माझा! मी चकार शब्द काढला नाही.

रविवारी उत्कर्षा त्या गाडीत बसली तेव्हा लाल शेल्यातली ती आणि लाल गाडी, कुठे कोण संपतं कळेना. माणसं अक्षता टाकत होती. मी एकटीच हात आखडून उभी होते. गाडी निघाली. हे डोळे मिटून ऐकत राहिले, कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्याच्याही पलीकडे. "गोड," म्हणाले.

ह्यांचे कान परत आले. नुसते आले नाहीत, दुप्पट होऊन आले! सोमवारी फ्रिज ऐकला, मंगळवारी मिक्सर. वरच्या मजल्यावरच्या जयवंतरावांच्या पंख्याचं निदान खालूनच केलं. आणि परवा सकाळी मी तुळशीला पाणी घालायला गच्चीच्या तीन पायऱ्या चढले, तर मागून आवाज, "थांब! परत चढ."

"का हो?"

"चढ ना."

मी उतरले, पुन्हा चढले.

"डावा गुडघा," हे डोळे मिटून म्हणाले. "फार नाही. तिसऱ्या पायरीला."

"मेलं वय झालं आता!"

"छे! गोड आहे सगळं. तरी लक्ष ठेवायला हवं."

झालं. एकोणीस वर्षं एका लाल गाडीचा मला मनातल्या मनात हेवा वाटायचा, की हा माणूस तिला रोज कान देतो. आता तो मान माझा! रोज सकाळी तीन पायऱ्या वर, तीन पायऱ्या खाली, हे खुर्ची टाकून समोर बसलेले. काल सात वेळा झालं, आज दहा. आणि गुडघा, काल नव्हता, आज खरंच दुखायला लागलाय.